इजमाळावर फिरलेली सुई

दगड खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, इतिहास बोलतो, कमानीवरच्या पाट्या तर त्यासाठीच लावलेल्या असतात; पण दगडाने जन्माच्या वेळी जी दिशा पाहिली ती तो कोट्यवधी वर्षं धरून ठेवतो. हे वाक्य माझं नाही. माझी भाची मुक्ता ते भाषणात म्हणते आणि सभागृहात शांतता पसरते. मीही ऐकून भारावलो आणि त्या भरात तिच्याबरोबर नांदेड-लातूरला जायला तयार झालो. भारावणं म्हणजे नेमकं काय ते पुढे कळलं, कारण दगडांची पिशवी माझ्या खांद्यावर होती.

डोंगररांगा कशा वाकल्या हे शोधणं हे मुक्ताचं काम. हिमालय दोन्ही टोकांना वळलेला आहे. तो जन्मतःच तसा होता, की आधी सरळ होता आणि नंतर कुणीतरी वाकवला? लुगड्याचा काठ डोळ्यांसमोर आणा, असं ती सांगते. काठावरच्या सगळ्या कोयऱ्यांची तोंडं एकाच दिशेला आहेत. काठ वळलेला दिसला तर कोयऱ्या बघायच्या. त्या अजूनही एकीकडेच पाहत असतील तर काठ विणतानाच वळवलेला. त्यांचीही तोंडं फिरली असतील तर लुगडं नंतर चुरगळलं. दगडातल्या कोयऱ्या म्हणजे लोहाचे बारीक कण. लाव्हा थंड होताना ते त्या वेळच्या चुंबकीय उत्तरेचा माग धरून गोठतात.

पण कोयरी किती फिरली हे कळायला एक न चुरगळलेला तुकडा हाताशी लागतो. तो तुकडा म्हणजे आपलं दख्खनचं काळं पठार. हिमालयाचं वाकडेपण मराठवाड्याच्या पट्टीने मोजायचं! मराठवाड्याला देशात कशासाठी तरी प्रमाण मानतात हे ऐकून मला बरं वाटलं.

मुदखेड

काळ्या दगडाच्या पूर्वेकडच्या कडेपासून सुरुवात करायची म्हणून आम्ही मुदखेडला उतरलो. स्टेशनाजवळच्या एका टपरीवर नाश्त्याला बसलो. तिशीच्या आतबाहेरची एक बाई समोर येऊन म्हणाली, “सुशीला.”

मी नाशिककर. मला वाटलं, ती ओळख करून देते आहे. मी म्हटलं, “नमस्कार.”

आमच्या गाडीचे चालक सलीमभाई नांदेडचे. ते हसून हसून टेबलावर आडवे झाले. “साहेब, मुरमुऱ्याची हाय ती. हात नका जोडू, खायची हाय.”

भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तो तिखट प्रकार आमच्याकडच्या पोह्यांपेक्षा हलका आणि मिरचीच्या बाबतीत बराच स्पष्टवक्ता निघाला. बाईचं खरं नाव रुक्मिण. टपरी तिच्या भावाची. सलीमभाईंनी तिला हौसेने आमचा परिचय करून दिला: “दगडं न्यायला गाडी केली बगा यांनी. आयुष्यात पयल्यांदा असं भाडं मिळालं.”

“कुठली दगडं?”

मुक्ताने पुढचा मुक्काम सांगितला. लोहा या तालुक्याच्या गावापलीकडचं गाव आणि त्याच्या डोक्यावरची टेकडी, विजयमाळ. बाईच्या हातातली पळी थांबली.

“तिथं माझी लेक हाय,” ती म्हणाली.

मग गिऱ्हाईक येत-जात असताना तिने तुटक तुटक सांगितलं. गेल्या वैशाखात अवकाळी आला. नवरा त्या माळावर बैल घेऊन होता. ही भाकरी घेऊन वर गेली आणि पाण्याची कळशी घ्यायला खाली विहिरीवर आली, तेवढ्यात माळावर ईज पडली. इकडे विजेला ईज म्हणतात. नवरा गेला, देवणी बैलांची जोडी गेली.

“अन् मी पायाळू.”

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेलं माणूस. त्याच्यावर वीज टपलेली असते असं मानतात. नाशिककडे पायाळूंना भाव आहे तो वेगळ्या कारणाने: कुणाची पाठ लचकली की पायाळूला बोलावून तिच्यावर पाय लावून घ्यायचा. माझ्या एका मावशीने अख्ख्या गल्लीच्या पाठी तुडवल्या आणि आदर मिळवला. हे मी रुक्मिणीला सांगितलं.

“इथं बी तेच,” ती म्हणाली. “सासूची पाठ धरली की मलाच हाक. इतकी वर्सं पाय लावला. तवा पाय चांगला होता.”

तेराव्यानंतर सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं. लेकीला ठेवून घेतलं. “लेकरू डोक्याकडनं झालं मनून,” ती म्हणाली. ती दोनदा परत गेली, दोन्ही वेळा वेशीवरूनच फिरवली. मला परत घ्या, न्हाईतर लेकरू तरी द्या, एवढंच तिचं मागणं होतं. भाऊ चहा गाळत होता. त्याने मान वर केली नाही, म्हणजे ही गोष्ट त्याने बरेचदा ऐकलेली असावी.

काय काम करता असं तिने विचारल्यावर मुक्ताने ते सोपं करून सांगितलं. रुक्मिणीने ऐकून घेतलं आणि अर्धवट हसत म्हणाली, “दगडाला इचारता मनं तुमी. मंग माझं एक इचारा. माझ्याआधी तिथं कितीदा पडली?”

निघताना तिने कागदात गुंडाळलेल्या लहान गुलाबी चपला दिल्या. “पाय वाढला असंल. अंदाजानं घेतल्यात.”

विजयमाळ

गावात शिरताना कमान लागली. तिच्यावर सिमेंटचे दोन सिंह होते आणि खाली लिहिलं होतं: ‘ऐतिहासिक विजयमाळ नगरीत हार्दिक स्वागत’. सिंहांची तोंडं परस्परविरुद्ध दिशांना होती. डोंगरांचा अभ्यास करणाऱ्याला इथे काही सापडलं असतं.

शास्त्रज्ञ येणार हे कळल्यामुळे शाल आणि नारळ तयार होते. मुक्ताला एक, मलाही एक. मी कोण हे कुणी विचारलं नाही. सरपंचांनी भाषण केलं. या माळावर पूर्वी एका राजाने शत्रूचा पराभव केला, म्हणून हा विजयमाळ, असं ते म्हणाले.

“कोणत्या राजाने?” मी नंतर चहाच्या वेळी विचारलं.

“विजयी राजानं,” सरपंच म्हणाले.

“आणि हरला कोण?”

“ते संशोधन चालू हाय.”

मुक्काम गणपतरावांकडे होता, कारण माळ त्यांच्या शेतात येतो. हेच रुक्मिणीचे सासरे. उंच, कमी बोलणारे, पांढऱ्या मिशांचे. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्यमसाल्याची आमटी आणि करडईच्या तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी होती. आमच्याकडे भाकरी ताटात वाढतात. इथे ती ताटाबाहेर चळतीने रचून ठेवतात आणि पाहुण्याने ती संपवावी अशी अपेक्षा धरतात. वाढणाऱ्या रुक्मिणीच्या सासूबाई एका हाताने कंबर धरून चालत होत्या. मुलाबद्दल दोघं एक अक्षर बोलले नाहीत. बैलांबद्दल बोलले. जोडी कशी होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, पोळ्याला तिच्यापुढे गावात दुसरी नव्हती. ज्याबद्दल बोलता येत होतं त्याबद्दल ते बोलत होते.

गोदी, नात, दारात उभी होती. पाच-सहा वर्षांची, अनवाणी. मुक्ताने चपला काढल्या आणि कुणी दिल्या ते सांगितलं. 

सासूबाईंनी चपला घेतल्या नाहीत. “ठेवा तिथंच,” त्या म्हणाल्या. “पायाळूनं दिलेलं अन् ते बी पायातलं. लेकराच्या पायात न्हाई घालायचं.” मग गणपतरावांनी काठीच्या टोकाने चपला उचलल्या आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवल्या. गोठा रिकामा होता. गोदी तिथपर्यंत गेली, मान वर करून बघत उभी राहिली आणि आजीने हाक मारल्यावर परत आली.

“सकाळी वर जाताना जपून,” सासूबाई ताटं उचलताना म्हणाल्या. “त्या इजमाळावर आता कुणी जात न्हाई.”

मी विचारलं, “काय म्हणालात?”

“इजमाळ. आमी तसंच मनतो. इजयमाळ ते शिकल्याल्या लोकांचं.”

इजमाळ. विजेचा माळ. कुणातरी लिहिणाऱ्याने गावंढळ उच्चार सुधारून त्याचा विजय केला होता आणि त्या विजयाला पुढे राजा, शत्रू आणि दोन सिंह मिळाले. पण खरं नवल त्याचं नव्हे. ही बाई जन्मभर ते नाव उच्चारत आली होती आणि तिने ते एकदाही ऐकलं नव्हतं.

सकाळी आम्ही वर गेलो. माळ उघडा आहे. वर दगडाची लादी पसरलेली, मधे एक जळकं कडुलिंबाचं खोड. चारी बाजूंना कापूस काढलेली रानं आणि त्यांच्यावर पांढुरकं आभाळ. एवढ्या सपाट मुलखात विजेला दुसरं काय दिसणार होतं, असं वाटावं अशी जागा.

मुक्ताचं यंत्र पेट्रोलवर चालतं, दाताच्या डॉक्टरासारखा आवाज करतं आणि दगडातून बोटाएवढी कांडी काढतं. कांडी काढण्याआधी तिची दिशा आखून घेतात, तीही सावलीवरून, कारण काळ्या दगडाजवळ होकायंत्राचा भरवसा नसतो. भरवसा किती नसतो हे बघायला तिने आधी होकायंत्र लादीवरून हातभर उंचीने फिरवलं. सुई उत्तरेला होती ती एकाएकी पूर्वेला वळली. दोन पावलांवर पश्चिमेला गेली. खोडाजवळ तिने पूर्ण गिरकी घेतली.

“गेलं,” मुक्ता म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

वीज पडली की दगडातली जन्माची दिशा पुसली जाते आणि तिच्या जागी विजेचा ठसा बसतो. अशा ठिकाणी सुई थाऱ्यावर राहत नाही. तिने खडूने खुणा करायला सुरुवात केली. जिथे सुई फिरली तिथे गोल. थोड्या वेळाने लादी देवीपुढच्या रांगोळी काढलेल्या अंगणासारखी दिसायला लागली. खोडाजवळ गोल होते, कडेला होते, जिथे कधी झाड असल्याची खूण नव्हती तिथेही होते.

गणपतराव मागून आले होते. मुक्ताने होकायंत्र त्यांच्या हातात दिलं. ते एका गोलावरून दुसऱ्या गोलावर चालत गेले. सुई फिरत राहिली.

“हे समदं इजेचं?”

“हो.”

“एवढ्या खेपा?”

“निदान एवढ्या.”

“कवाच्या?”

इथे मला मनापासून वाटलं की मुक्ताने थोडं वाढवून सांगावं. तिने सांगितलं नाही. “ते दगडावरून कळत नाही. गेल्या वर्षीचं असेल, हजार वर्षांपूर्वीचंही असेल.”

दगड खोटं बोलत नाही हे ठीक. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही. मग मी माझं शहाणपण काढलं. म्हटलं, “गणपतराव, तुमच्या आजोबांच्या काळी या माळाचं नाव काय होतं?”

“इजमाळच की.”

“त्यांच्या आधी?”

“इजमाळच. पयल्यापासनं तेच.”

“मग ईज पयल्यापासनं पडते आहे. तेव्हा तुमची सून कुठे होती?”

 त्यांनी होकायंत्र खाली धरलं, सुई फिरताना पाहिली, मग जळक्या खोडाकडे पाहिलं. तोंडातल्या तोंडात त्यांनी ते नाव पुन्हा म्हटलं आणि बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. सलीमभाईंनी मला हळूच कोपर मारलं. मला वाटलं, जिंकलो. कमानीवरचा राजाही असाच जिंकला असावा.

“म्हंजे माळच तसला हाय,” गणपतराव सावकाश म्हणाले. “बरं झालं सांगितलं. माळ इजेचा अन् सून पायाळू. दोन्ही एका जागी आल्यावर मंग पडणारच की, साहेब. हे आमच्या ध्यानात आलं असतं तर तिला वर जाऊच दिलं नसतं.”

“पण ती तर खाली विहिरीवर होती!” मुक्ता म्हणाली.

“आधी वर येऊन गेल्ती न्हवं? पाय लागला. झालं.”

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. उलट ते हलके झाल्यासारखे वाटले. इतके महिने जी गोष्ट ते नुसती मानत होते तिला आता पुरावा मिळाला होता. तो आम्ही नेऊन दिला होता, शाल-नारळाच्या बदल्यात.

मुक्ताने तरीही कांड्या काढल्या. दुपारी गावात परतलो तेव्हा बातमी आमच्याआधी पोचली होती. सरपंच हात जोडून उभे होते. “मॅडम, माळ जागृत हाय हे शास्त्रानं सिद्ध झालं. आमी देवीचं ठाणं बसवून राहिलो तिथं.”

“आणि विजयी राजा?” मी विचारलं.

“ते बी ऱ्हाईल,” सरपंच म्हणाले. “जागा लई हाय.”

किल्लारीकडे

पुढचे दिवस लातूर जिल्ह्यात गेले. निलंगा, देवणी, मधली रानं. कांड्या निघत होत्या आणि सुई सरळ राहत होती. देवणीच्या आठवडी बाजारात मी तसल्या ठिपक्यांची जोडी पाहिली आणि सलीमभाईंना गाडी पुढे घ्यायला सांगितलं.

किल्लारीजवळच्या एका वसवलेल्या गावात चहाला थांबलो. सारखी घरं, सारखे रस्ते, सारख्या अंतरावर झाडं. इकडे गावं अशी नसतात. ही नकाशावर आधी झाली आणि मग जमिनीवर. चहावाला साठीचा होता. पिशवीत काय आहे म्हणून त्याने विचारलं. मुक्ता सवयीने बोलून गेली की इथला भूभाग स्थिर आहे, म्हणून इथला दगड प्रमाण धरायचा.

“स्थिर,” चहावाला म्हणाला. त्याने तो शब्द कपासारखा खाली ठेवला. “हाव. आमालाबी तसंच वाटायचं. गणपती बुडवून आलो अन् स्थिर झोपलो.”

मुक्ताचे कान लाल झाले. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात न वळणं वेगळं आणि एका पहाटे न हलणं वेगळं, हे ती सांगायला गेली आणि मधेच थांबली. त्याच्या घरातली चार माणसं त्या पहाटेच्या भूकंपात गेली होती.

“लोक काय म्हणाले तेव्हा?” मी विचारलं.

“मनले, गावात पाप झालं. म्या मनलं, कुणाचं? तर जो मेला त्याचं नाव घेऊन राहिले.” त्याने फडक्याने टेबल पुसलं. “सोपं पडतं. मेलेलं माणूस भांडायला येत न्हाई.”

परतीच्या गाडीत मी त्याचा विचार करत होतो. रुक्मिणीच्या सासरच्या गावात हिशेब उलटा झाला होता. मेलेल्याला कुणी बोल लावला नाही. जगली तिला लावला. ती कळशी आणायला गेली नसती तर आज त्या घरात तिचा फोटो असता आणि फोटोला हार असता.

पुन्हा मुदखेड

परतीची आगगाडी मुदखेडहूनच होती. दुसऱ्या टपरीवर चहा घेता आला असता. सलीमभाईंनी न विचारता गाडी तिथेच उभी केली.

रुक्मिणीने बशा पुढ्यात ठेवल्या आणि उभी राहिली. “इचारलं का?”

मुक्ताने होकायंत्राची गोष्ट सांगितली. सुई कशी फिरली, किती गोल झाले, सगळं.

“माझ्याआधी?”

मुक्ता बशीतले मुरमुरे सारखे करू लागली. ती शास्त्रज्ञ आहे. मी नाही. “आधी,” मी म्हणालो. “कितीतरी आधीपासून. नावच त्याचं इजमाळ.”

“ते मला ठावंच होतं,” रुक्मिण म्हणाली. “त्यास्नी सांगितलं?”

“सांगितलं.”

“मंग?”

मग काय ते मुक्ताने सांगितलं, शब्द न बदलता. रुक्मिण ऐकता ऐकता हसली. त्या हसण्याबद्दल मी काही लिहीत नाही. “बगा,” ती भावाला म्हणाली, “आता दगडानंबी साक्ष दिली.” भाऊ चहा गाळत होता.

“गोदी कशी हाय?”

“बरी आहे. उंच झाली आहे.”

“चपला बसल्या का पायात?”

रिकामा गोठा आणि ती खुंटी माझ्या डोळ्यांपुढे आली. “बसल्या,” मी म्हणालो. “अगदी मापाच्या.”

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. रुक्मिणीने मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. “पुढच्या खेपेला एक बोट वाढीव घेते,” ती जाताना म्हणाली.

सलीमभाईंचा मधूनमधून फोन येतो. रुक्मिण मुदखेडलाच आहे. एक बोट वाढीव चपला तिने त्यांच्याबरोबर पाठवल्या आणि त्याही खुंटीला गेल्या. माळावर देवीचं ठाणं झालं आहे आणि कळसावर वीज जमिनीत उतरवणारी तांब्याची सळई बसवली आहे. “मी सरपंचाला इचारलं, साहेब,” सलीमभाई म्हणाले. “मनलं, पायाळू बहू तो मुदखेड में है, फिर सलाख कायकू? तो बोले, रिस्क नको.”

मुक्ताचं मोजमाप पूर्ण झालं. हिमालय किती वाकला हे आता आधीपेक्षा नेमकं सांगता येतं आणि त्यासाठी मराठवाड्याचे दगड प्रमाण धरले आहेत. विजयमाळाच्या कांड्या मात्र तिने बाद केल्या. त्यांच्यापुढे शेरा आहे: अविश्वासार्ह.